शिन-यी ल्यूह मुष्टिविद्या : उत्पत्ती आणि गुरुपरंपरा

चिनी मुष्टिविद्येचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे शाओलिनचा विहार उभा राहतो आणि त्याच्या मागोमाग भारतातून चीनला गेलेला बोधिधर्म. फार तर ताइजीछ्युआन या संथ गतीच्या प्रकाराशी त्यांची ओळख असते. परंतु पीत नदीच्या मधल्या खोऱ्यात, शान्सी आणि हेनान या दोन शेजारी प्रांतांत, शिन-यी ल्यूह नावाची एक मुष्टिविद्या वाढली. चीनबाहेर तिचे नाव क्वचितच ऐकू येते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती विशेष उपयोगी आहे. तिची गुरुपरंपरा लेखी आहे, ती सनांसह सांगितली जाते, आणि ते सन एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ही एकच विद्या वेगवेगळ्या समाजांतून तीन शाखांनी चालत आलेली आहे. एकीकडे पोथ्या व वंशवृक्ष, दुसरीकडे शिष्यांच्या शरीरात उतरलेला अभ्यास. या दोन साधनांपैकी कोणावर किती विसंबावे, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष तपासून पाहता येतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रथम नावाचा अर्थ. 'शिन' म्हणजे हृदय किंवा चित्त, 'यी' म्हणजे संकल्प, 'ल्यूह' म्हणजे सहा मेळ. या सहांपैकी तीन बाह्य आहेत : हाताचा पायाशी, कोपराचा गुडघ्याशी व खांद्याचा नितंबाशी मेळ. उरलेले तीन आंतर आहेत : चित्ताचा संकल्पाशी, संकल्पाचा प्राणाशी आणि प्राणाचा बळाशी. प्रहार करताना शरीराचा एखादा अवयव एकटा पुढे न जाता सारे शरीर एकदम गेले पाहिजे, असा याचा व्यावहारिक अर्थ. या विद्येतील चाली थोड्या, आखूड व सरळ रेषेतल्या असतात. उंच उड्या नाहीत, लांबलचक लाथा नाहीत. प्रतिपक्ष्याच्या अंगावर चालून जावयाचे आणि त्याच्या उभे राहण्याच्या जागेत आपण शिरावयाचे, हा तिचा बाणा.

परंपरेने सांगितलेली हकीकत अशी. सुंग काळातील सेनापती युए फेई (११०३-११४२) हा या विद्येचा आद्य प्रवर्तक. त्याच्यानंतर ती लुप्त झाली. मिंग राजवटीच्या अखेरीस शान्सी प्रांतातील पूजौ येथील जी जिख, उर्फ जी लुंगफंग, याला जुंगनान पर्वतात युए फेईची पोथी सापडली. भाल्याच्या विद्येत तो आधीच निष्णात होता. पोथीच्या आधारे त्याने मुष्टिविद्या सिद्ध केली. त्याच्यापासून ती त्साओ जीवू याला मिळाली, आणि त्साओपासून दोघांना : शान्सीतील ची परगण्याच्या दाई लुंगबांगला आणि हेनानमधील लोयांगच्या मा श्युएलीला. पुढे दाई घराण्यापासून हेबेई प्रांतातील ली ल्वोनंग याने ती घेतली आणि त्याच्या शिष्यांनी ती 'शिंग-यी' या नावाने उत्तर चीनभर पसरविली. आजही आखाड्यांच्या भिंतींवर टांगलेल्या वंशवृक्षांत हाच क्रम थोड्याफार फरकाने आढळतो, आणि अनेक अभ्यासकांच्या निबंधांतही तो जसाच्या तसा उतरतो.

या हकीकतीचा मुख्य लेखी आधार म्हणजे दाई लुंगबांगच्या नावावर असलेली एक प्रस्तावना. तिच्यावर च्यानलुंग बादशहाच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, म्हणजे इ. स. १७५०, असा काल घातलेला आहे, आणि ती लोयांग येथे मा यांच्या अभ्यासिकेत लिहिली असे तिच्या शेवटी म्हटले आहे. मूळ प्रत उपलब्ध नाही. हाती आहेत त्या उत्तरकालीन नकला. म्हणून १७५० हे वर्ष 'प्रस्तावनेत दिलेले वर्ष' एवढ्याच अर्थाने घ्यावयाचे. तरीसुद्धा तिच्यातला एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दाईने आपली प्रस्तावना स्वतःच्या गावी बसून न लिहिता दुसऱ्या प्रांतात, मा याच्या घरी लिहिली, असे ती सांगते. शान्सीकरांच्या पोथीने हेनानकरांचा असा उल्लेख करावा, यात शान्सीच्या अभिमानाला पोषक असे काही नाही. स्वतःच्या गरजेविरुद्ध जाणारे विधान बनावट कागदातही पुष्कळदा खरे असते. सबब दोन्ही घराण्यांचा अठराव्या शतकात काहीतरी संबंध होता, एवढे मानावयास हरकत नाही.

युए फेईची गोष्ट मात्र टिकत नाही. १३४५ मध्ये पूर्ण झालेल्या सुंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात त्याचे चरित्र आहे. त्यात त्याच्या शारीरिक बळाची वाखाणणी आहे. विशीच्या आत तो तीनशे जिन वजनाच्या ताणाचे धनुष्य ओढू शके आणि जौ थुंग याच्याकडे तो धनुर्विद्या शिकला, असे तेथे म्हटले आहे. मुष्टिविद्येचे नाव नाही. पुढे मिंग सेनापती ची जीग्वांग याने १५६० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या लष्करी ग्रंथात मुष्टिविद्येवर एक स्वतंत्र प्रकरण घातले आणि त्या काळी गाजत असलेल्या अनेक पद्धतींची नावे दिली. सुंग घराण्याच्या संस्थापकाच्या नावावर चालणारी पद्धत त्या यादीत आहे; युए फेईच्या नावाची नाही. म्हणजे प्राचीन वीराचे नाव आपल्या विद्येला लावण्याची चाल सोळाव्या शतकात रूढ झालेली होती, पण या विशिष्ट वीराची पाळी अद्याप आलेली नव्हती.

ती कधी आली आणि का आली, हे पाहण्यासारखे आहे. युए फेई लढला तो उत्तरेकडून आलेल्या जुरचेन लोकांच्या जिन राज्याशी, आणि तो मारला गेला तो आपल्याच दरबारातील तहवाद्यांच्या हातून. सतराव्या शतकात चीन जिंकणारे मांचू हे स्वतःला त्याच जुरचेनांचे वंशज मानीत. १६१६ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या राज्याचे पहिले नावही 'उत्तरकालीन जिन' असेच होते, ते १६३६ मध्ये बदलून 'चिंग' करण्यात आले. अशा राजवटीखाली, १६४४ नंतरच्या चीनमध्ये, युए फेईचे नाव घेणे हे नुसते पूर्वजस्मरण नव्हते. त्याच्या जीवनावरील एक कादंबरी च्यानलुंगच्या काळात निषिद्ध ठरली होती. तेव्हा पोथी पर्वतात गुप्त राहिली, मिंग बुडताना सापडली, आणि एका भालाईताच्या हाती पडली, या कथेत इतिहास नसला तरी जिंकल्या गेलेल्या लोकांचे मन आहे. खोटी वंशावळ ज्या काळाविषयी बोलते त्या काळाची साक्ष देत नाही. ज्या काळात ती रचली गेली त्या काळाची देते. बखरींच्या अभ्यासकाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

या ठिकाणी बोधिधर्माविषयी थोडे विषयांतर करणे प्राप्त आहे, कारण भारतीय वाचकाची जिज्ञासा तेथेच अडकलेली असते. शाओलिन विहाराची स्थापना इ. स. ४९५ मध्ये भारतातून आलेल्या बातुओ नावाच्या भिक्षूसाठी झाली, हे खरे आहे. पण तो बोधिधर्म नव्हे, आणि त्याचा मुष्टिविद्येशी संबंध नाही. बोधिधर्माने व्यायामविद्या दिली ही समजूत 'यी-जिन-जिंग', म्हणजे स्नायुपरिवर्तनाचे सूत्र, या ग्रंथावर उभी आहे. त्याला दोन प्रस्तावना जोडलेल्या आहेत. पहिली थांग काळातील सेनापती ली जिंग याची म्हणून दिलेली असून तिच्यावर इ. स. ६२८ चा काल आहे. तीत ही विद्या ज्यांच्या हातून आली त्यांत एका वक्र दाढीच्या वीराचे नाव येते. हा वीर इतिहासातील नव्हे, तर नंतर लिहिल्या गेलेल्या एका अद्भुत कथेतील पात्र आहे! दुसरी प्रस्तावना न्यू गाओच्या नावाची आहे आणि तिच्यावर ११४२ हे वर्ष आहे. न्यू गाओ हा युए फेईच्या हाताखालचा सरदार. म्हणजे भारतीय भिक्षू आणि सुंग सेनापती हे दोन्ही 'आद्य गुरू' एकाच ग्रंथाच्या दाराशी उभे केलेले आहेत. त्या ग्रंथातील एका पुष्पिकेवर १६२४ हे वर्ष आहे, आणि ग्रंथ त्याच सुमाराचा असावा असे अभ्यासक मानतात. अठराव्या शतकातील पंडित लिंग थिंगखान याने या प्रस्तावनांचा खोटेपणा ओळखला होता. विसाव्या शतकात थांग हाओ (मृत्यू १९५९) याने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाओलिन व वूदांग यांच्या चिकित्सेने या दंतकथांचा पायाच काढून टाकला. तरीही आपल्याकडील व्याख्यानांतून बोधिधर्म अजून कुस्ती शिकवीत असतो. राष्ट्राभिमानाला पुरावा लागत नाही, हेच खरे.

आता जी जिखकडे वळू. याच्यापाशी आपण पौराणिक प्रदेशातून ऐतिहासिक प्रदेशात येतो. तिन्ही शाखा त्यालाच मानवी मूळपुरुष मानतात. त्याचे गाव, त्याचा भाल्यातील लौकिक आणि मिंग-चिंग संक्रमणाचा काळ या बाबतींत त्यांच्यात एकवाक्यता आहे. त्याचा जीवनकाल बहुधा १६०२ ते १६८३ असा दिला जातो. शांततेच्या काळात भाला घेऊन हिंडता येत नाही, मग अकस्मात प्रसंग आला तर काय करावे, म्हणून त्याने भाल्याची तत्त्वे मुठीत आणली, असे परंपरा सांगते. हे विधान तपासता येते, कारण भाला ज्याने हाती धरला आहे त्याला या विद्येची ठेवण पाहताच काहीतरी ओळखीचे दिसते : एक बाजू पुढे, दोन्ही हात मध्यरेषेवर, मागच्या पायातून येणारा रेटा, आणि प्रहाराची दिशा भाल्याच्या अणीसारखी सरळ. 'ल्यूह' हा शब्ददेखील भालाविद्येतला आहे. ची जीग्वांगच्या त्याच ग्रंथातील भाल्याच्या प्रकरणात 'सहा ह' येतात. तेथे त्यांचा अर्थ अवयवांचा मेळ असा नाही. दोन भालाईतांनी समोरासमोर करावयाच्या सहा जोडसरावांना ते नाव आहे. 'ह' या अक्षराचा 'गाठ पडणे' हाही अर्थ होतो आणि 'एकरूप होणे' हाही. जोडीदारावाचून एकट्याने करावयाच्या मुष्टिविद्येत हा शब्द आला तेव्हा दोन भाल्यांची गाठ दोन अवयवांच्या गाठीत रूपांतरित झाली असावी, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. शब्द जुनाच राहतो, अर्थ नवीन भरला जातो, आणि पुढील पिढीला तो अर्थ अनादि वाटू लागतो. शाओलिनमध्ये 'शिन-यी-बा' नावाचा एक अभ्यास आहे आणि जी जिख तेथे राहिला होता असेही सांगतात. परंतु या काळातील प्रत्येक नामांकित पुरुषाला शाओलिनला एकदा तरी नेण्याची कथाकारांना सवय होती, हे विसरू नये.

जी जिखच्या पुढच्या पायरीपासून गणित बिघडू लागते. त्साओ जीवू हा लष्करी परीक्षांत अव्वल आलेला अधिकारी असे सांगतात. जी १६८३ मध्ये वारला असेल तर त्साओने त्यापूर्वी विद्या घेतली असली पाहिजे. दाईचा जन्म परंपरेप्रमाणे १७१३ चा. तो वीस वर्षांचा होईपर्यंत त्साओ निदान सत्तरीला पोहोचलेला. अशक्य नाही, पण दोर फारच ताणलेला आहे. मा श्युएलीची गोष्ट याहून बिकट. त्याचा जन्म १७१४ मध्ये झाला असे मानतात. आणि लोककथा तर सांगते की गुरू शिकविण्यास राजी नव्हता म्हणून माने मुक्याचे सोंग घेतले, गुरूच्या घरी गडी म्हणून राहिला आणि चोरून पाहून विद्या साधली. काही ठिकाणी हा गुरू म्हणजे साक्षात जी जिखच! गुरूच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी जन्मलेला शिष्य त्याच्या घरी गडी म्हणून कसा राहिला, हे कथेने सांगितलेले नाही. हीच चोरून शिकण्याची कथा ताइजीछ्युआनच्या यांग लूछानविषयीही (१७९९-१८७२) सांगितली जाते. अर्थात ही गोष्ट कोणा एकाची नव्हे. बाहेरच्या माणसाने घराण्याची विद्या घेतली की ती त्याच्या नावाला येऊन चिकटते. एवढे मात्र तिच्यावरून कळते, की मा हा आपल्या गुरूच्या घराण्यात बाहेरचा मानला जात होता.

गणिताचा खरा कस लागतो तो ली ल्वोनंगच्या प्रसंगी. ही हकीकत सुन लूतांग (१८६०-१९३३) याने १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. सुन हा स्वतः या परंपरेतला, लीच्या शिष्याकडे शिकलेला, आणि ऐकलेले प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस. तो सांगतो ते असे. ली हा हेबेईतील शेन परगण्याचा. व्यापारानिमित्त तो शान्सीत आला आणि दाई लुंगबांगचा शिष्य झाला. दोन वर्षे झाली तरी गुरूने त्याला पाच मुष्टींपैकी एक आणि साखळीच्या चालींचा अर्धा भाग, एवढेच शिकविले. लीने तक्रार केली नाही. मिळाले तेवढेच तो रोज घोटीत राहिला. पुढे गुरूच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस आला. जमलेल्या शिष्यांनी आपापली विद्या करून दाखविली. लीने आपली एक मूठ आणि अर्धी साखळी दाखविली. म्हातारीने विचारले, एवढेच का? तो म्हणाला, एवढेच मिळाले. तेव्हा तिने मुलाला या शिष्यास सर्व काही शिकविण्याची आज्ञा केली. ली शिष्य झाला त्या वेळी त्याचे वय सदतीस वर्षांचे होते.

प्रसंग मोठा सुंदर आहे, आणि खरा असावा असे कोणालाही वाटेल. पण कागद घेऊन बसू या. लीचा जन्म १८०८ च्या सुमाराचा मानतात. चिनी गणनेने तो सदतीस वर्षांचा झाला तो १८४४ च्या आसपास. त्यानंतर दोन वर्षांनी ऐंशी वर्षांची असलेली बाई जन्मली १७६७ च्या सुमारास. आणि तिच्या मुलाने, दाई लुंगबांगने, प्रस्तावना लिहिली १७५० मध्ये. म्हणजे आईच्या जन्माआधी सतरा वर्षे! लीचे जन्मवर्ष पाचसात वर्षे मागेपुढे केले तरी निष्कर्ष बदलत नाही. प्रस्तावना आणि वाढदिवस या दोन्ही गोष्टी एकाच दाई लुंगबांगच्या असू शकत नाहीत.

यातून वाट काढण्यासाठी बहुतेक अभ्यासक लीचा गुरू लुंगबांग नसून त्याचा मुलगा दाई वनश्युंग होता असे धरतात. असे केल्याने वाढदिवस होतो तो लुंगबांगच्या पत्नीचा. पण मग नवऱ्याचा जन्म १७१३ चा आणि बायकोचा १७६७ चा. उभयतांच्या वयांत अर्ध्या शतकाचे अंतर पडते. उतारवयातील दुसऱ्या विवाहाने तेही भरून काढता येईल; परंतु एका तर्काला टेकू म्हणून दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे करीत गेल्यास पुराव्याचे घर उभे राहत नाही, टेकूंचेच रान माजते. आमच्या मते सोपा मार्ग असा : ली दाई घराण्यात शिकला ही गोष्ट निश्चित, कारण ती दोन्ही पक्ष मान्य करतात आणि दोघांच्या अभ्यासात तिची खूण आहे. नेमक्या कोणत्या दाईकडे, हे वंशवृक्षाने ठरविले ते सोयीने. हेबेईतील शिष्यांना घराण्याचे सर्वांत थोर नाव हवे होते; ते त्यांनी मधली पिढी गाळून घेतले. वंशवृक्ष ही जन्ममृत्यूंची नोंदवही नव्हे. अमुक माणसाला शिकविण्याचा अधिकार आहे, हे सांगणारा तो दाखला आहे, आणि दाखल्यात मधल्या माणसाचे महत्त्व नेहमीच कमी असते.

मग कागद बाजूला ठेवून अभ्यासाकडेच पाहिले तर काय दिसते? त्यासाठी तिन्ही शाखांचे सामाजिक ठिकाण आधी समजून घ्यावे लागेल.

ची परगणा हे शान्सीच्या सावकारांचे गाव. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या पिंगयाओबरोबर येथील पेढ्यांच्या हुंड्या चीनभर चालत. चांदी गाड्यांवरून न्यावयाची म्हणजे रक्षक हवे, आणि रक्षक पुरविणाऱ्या पेढ्या हाच मुष्टियोद्ध्यांचा मोठा आश्रय होता. दाई घराण्याचा संबंध हेनानमधील शेदियान या व्यापारी पेठेतील अशा एका पेढीशी जोडला जातो. विद्या हे त्यांचे भांडवल होते, आणि भांडवल कोणी चारचौघांत मांडून ठेवीत नाही. दाईंचा प्रहार लोकांनी पाहिला, पण दाईंना सराव करताना कोणी पाहिले नाही, असे त्या भागात म्हणत. उकिडव्या माकडासारखे बसून ओटीपोटातून श्वास व कणा एकत्र वळविण्याचा त्यांचा अभ्यास बंद खोलीतही होण्यासारखा आहे, हे येथे लक्षात यावे.

हेनानमधील शाखा हुई लोकांची, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांची. लोयांगहून ती लूशान व जौखौ येथे गेली आणि सुमारे दोन शतके मुख्यतः त्या समाजातच राहिली. हुई लोक चामडे, मांस व वाहतूक यांच्या धंद्यांत होते. ते दूरवर फिरत आणि अल्पसंख्य म्हणून मशिदीच्या आसपास एकत्र राहत. परक्याला विद्या न देण्यामागे येथे व्यापारी गुपिताइतकीच समाजाच्या संरक्षणाची गरज होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जौखौचे उस्ताद शांघायला गेले आणि तेथे लू सुंगगाओ याने हुई नसलेल्यांनाही शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे ही शाखा बाहेरच्या जगाला दिसू लागली.

हेबेईची शाखा याच्या अगदी उलट. लीचे शिष्य अनेक, त्यांचे शिष्य त्याहून अनेक. सुन लूतांगने १९१५ मध्ये तिच्यावर छापील ग्रंथ काढला. १९२८ मध्ये नानजिंग येथे मध्यवर्ती राष्ट्रीय मुष्टिविद्या संस्था स्थापन झाली, तेव्हा हिला मानाचे स्थान मिळाले. शाळा, सेना व छापखाना यांनी तिला सार्वजनिक केले.

म्हणजे दोन शाखा एकमेकींपासून अलग व बंदिस्त, आणि तिसरी त्यांपैकी एकीतून फुटून मोकळ्यावर आलेली. एकाच ग्रंथाच्या हस्तलिखितांची कुळे लावताना पाठचिकित्सक ज्या नियमाने चालतो तो येथेही लावता येतो : परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन शाखांत जे समान असेल ते त्या फुटण्याच्या आधीचे.

हेनान आणि शान्सी या दोन्ही शाखांत दहा प्राण्यांच्या चाली आहेत : ड्रॅगन, वाघ, माकड, घोडा, कोंबडा, पाकोळी, शिक्रा, साप, गरुड व अस्वल. दोन्हींत 'चार पकडी' या अर्थाच्या नावाचा एक आखूड संच आहे, आणि तो विद्येचे सार मानला जातो. कोंबड्याचे पाय, ड्रॅगनचे अंग, अस्वलाचे खांदे, वाघाने डोक्याभोवती घेतलेले पंजे, हे देहबंधाचे सूत्र दोहोंत आहे. प्रहाराच्या क्षणी पोटातून निघणारा 'मेघगर्जने'चा हुंकारही दोहोंना ठाऊक आहे. हा ठेवा जुना समजावा.

उलट पाच तत्त्वांच्या पाच मुष्टी, म्हणजे चिरणारी, भेदणारी, चिरडणारी, तोफेसारखी आणि आडवी, या हेबेईच्या शाखेचा पाया आहेत. दाई घराण्यातही आहेत. हेनानच्या अभ्यासाचा पाया मात्र त्यांच्यावर नाही. (ही तत्त्वे चिनी आहेत, धातू, जल, काष्ठ, अग्नी व माती, आपल्या पंचमहाभूतांशी त्यांची गल्लत करू नये.) हेनानकरांनी त्या टाकून दिल्या असे म्हणावे, की शान्सीकरांनी त्या मिळविल्या? नियम एवढ्यावर निकाल देत नाही. परंतु पंचतत्त्वांची परिभाषा चीनमधील वैद्यकापासून ज्योतिषापर्यंत सर्वत्र तयार मिळते आणि कोणत्याही विद्येवर सहज बसविता येते. पाच तत्त्वांची विद्या पुढे प्राण्यांची झाली, यापेक्षा प्राण्यांची विद्या पुढे पाच तत्त्वांत मांडली गेली, हे अधिक संभवनीय आहे. हेबेईच्या शाखेने दहांचे बारा प्राणी केले, यावरून वाढ कोणत्या दिशेने होत होती ते दिसतेच. नव्या दोहोंपैकी एक सुसरीसारखा जलचर. दुसरा 'थाई' नावाचा पक्षी. त्याचे अक्षर इतके दुर्मिळ आहे की कोणी त्याला ससाण्याचा भाईबंद ठरविला तर कोणी शहामृग. ज्या पक्ष्याची नक्कल करावयाची तो पक्षी कोणता हेच ठाऊक नसताना पिढ्यान्पिढ्या ती नक्कल बिनचूक चाललेली आहे, हा या शास्त्रातला एक मौजेचा भाग.

ही पद्धत निर्दोष नाही. मा व दाई यांचा लोयांगला संबंध आला असेल तर दोन शाखांत नंतरही देवाणघेवाण झाली असणार, आणि मग 'समान ते जुने' हा नियम लंगडा पडतो. पण दोघांत शिरलेली गोष्ट निदान अठराव्या शतकाइतकी जुनी, एवढे तरी त्यातून उरतेच. वंशवृक्ष तेवढेही देत नाही. म्हणून ठामपणे सांगता येईल ते इतके : सतराव्या शतकात शान्सीच्या दक्षिण भागात भालाविद्येतून निघालेली, दहा प्राण्यांची व एका आखूड संचाची ही विद्या अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वी हेनान व शान्सी येथे दोन घरी गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाईंच्या घरातून हेबेईला पोहोचली. मधल्या गुरूंची नावे व वर्षे ही त्या त्या शाखेची स्वतःविषयीची श्रद्धा म्हणून नोंदवावी.

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. २००६ पासून चीनने राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या याद्या प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, आणि त्यांत या कुळातील शाखांचाही समावेश झालेला आहे. यादीत यावयाचे म्हणजे उगमस्थान दाखवावे लागते, पिढ्यांची साखळी द्यावी लागते, आणि अधिकृत वारसदार ठरवावे लागतात. जी साखळी पूर्वी आखाड्याच्या भिंतीवर होती ती आता सरकारी दप्तरात जाते. जिल्ह्याजिल्ह्यांत उगमस्थानाविषयी चढाओढ असते, आणि एकदा दप्तरात गेलेला सन पुढील संशोधक प्रमाण म्हणून उद्धृत करतो.

राहिली गोष्ट नावाची. हेनानमध्ये अजून 'शिन-यी' म्हणतात. हेबेईकर 'शिंग-यी' म्हणतात, आणि 'शिंग' म्हणजे आकार. शान्सीच्या बोलीत 'शिन' आणि 'शिंग' यांच्या उच्चारांतील भेद जवळजवळ पुसला जातो. शान्सीत शिकून हेबेईला परतलेल्याने कानांनी घेतलेला शब्द लिहिताना दुसरे अक्षर वापरले असल्यास नवल नाही. चित्ताच्या जागी आकार आला तो बहुधा तत्त्वज्ञानाने नव्हे, कानाच्या चुकीने. त्यावर पुढे आकार आणि संकल्प यांच्या ऐक्याचे भाष्य रचले गेले, आणि ते वाचताना ही मुळात चूक असेल अशी शंकाही येत नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वांग श्यांगजाई (१८८५-१९६३) याने शिष्यांना सांगितले की आकारांचा घोळ फार झाला, आणि 'शिंग' काढून टाकून आपल्या विद्येला नुसते 'यी' एवढेच नाव ठेवले.